मधली जागा आमच्या मुलांनाही शिकवा

प्रति,
गोवा फुटबॉल असोसिएशनचे पदाधिकारी,
अखिल भारतीय फुटबॉल महासंघाची तांत्रिक समिती,
आणि इंडियन सुपर लीगमधल्या सर्व क्लबांचे व्यवस्थापक

सप्रेम नमस्कार.

पेडणे तालुक्यातल्या एका गावात मी शाळकरी मुलांना फुटबॉल शिकवतो. हा माझा पोटापाण्याचा धंदा नाही. संध्याकाळी काम आटोपलं की शाळेच्या मैदानावर जातो, आणि भाताची कापणी झाली की गावातलंच एक शेत आम्हाला मोकळं मिळतं. मागे एकदा चौदा वर्षांखालच्या मुलांना जागा वाटून देत होतो. गोलरक्षक ठरला, बचावाला चौघे ठरले, डाव्या-उजव्या बाजूला खेळण्यावरून तर भांडणं लागली. मध्ये सगळ्यात पुढे उभा राहून गोल करणारा स्ट्रायकर कोण, असं विचारल्यावर मात्र सगळे पायाच्या अंगठ्याने माती उकरत उभे. ज्याच्या पायात खरोखर गोल आहे असं मला वाटतं, त्या पोराला विचारलं, "तू का नाही?" तो म्हणाला, "सर, मध्ये तर फॉरेनर खेळतात ना."

त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती, रुसवाही नव्हता. पावसाळ्यात पाऊस पडतो म्हणावं, तितक्या सरळपणे तो बोलला. म्हणून ते जास्त लागलं. घरी येऊन आठवायला बसलो. इंडियन सुपर लीग २०१४ मध्ये सुरू झाली. तेव्हापासून २०२४-२५ पर्यंत अकरा मोसम झाले. मोसमात सर्वाधिक गोल करणाऱ्याला गोल्डन बूट मिळतो. अकरा वेळा तो दिला गेला आणि अकराही वेळा परदेशी खेळाडूने नेला. माझा विद्यार्थी खोटं बोलला नव्हता.

त्या अकरांपैकी दोन बूट एकाच माणसाने नेले, आणि ते त्याने आपल्या एफसी गोवा क्लबसाठी खेळताना नेले. फेरान कोरोमिनास, आपणा सर्वांचा कोरो. त्याच्याबद्दल लिहिल्याशिवाय मला जे मागायचं आहे ते मागता येणार नाही.

कोरो जन्मला ५ जानेवारी १९८३ रोजी, स्पेनमध्ये कातालोनियातल्या विलोबी दोन्यार या जिरोनाजवळच्या छोट्या गावात. एस्पान्योल क्लबच्या युवा संघांतून तो वर आला. बार्सिलोना शहरात राहून बार्सिलोना क्लबच्या सावलीत जगणारा हा क्लब. तिथे राऊल तामुदो हा स्ट्रायकर गावचा देव होता, क्लबच्या इतिहासात सर्वाधिक गोल त्याचे. अशा संघात विशीतल्या पोराला मधली जागा कोण देणार? कोरो कधी बाजूला खेळला, कधी बाकावर बसला, कधी शेवटच्या वीस मिनिटांसाठी मैदानात उतरला.

आणि तरीही २००६ चं ते वर्ष घ्या. १२ एप्रिलला माद्रिदच्या बर्नाबेऊ मैदानावर एस्पान्योलने सारागोसाला ४-१ असं हरवून कोपा देल रे हा स्पेनमधल्या क्लबांचा चषक जिंकला. चारांतला एक गोल कोरोचा. पण लीगमध्ये हाच संघ तळाशी गटांगळ्या खात होता. १३ मे, मोसमाचा शेवटचा दिवस. मोंजुइक टेकडीवरच्या ऑलिम्पिक स्टेडियममध्ये समोर रेआल सोसिएदाद. जिंकलं नाही तर एस्पान्योल दुसऱ्या श्रेणीत घसरणार. नव्वद मिनिटं संपली, गोल नाही. महिन्यापूर्वी चषक उंचावलेले लोक तोंडाला हात लावून उभे. एक्याण्णवाव्या मिनिटाला कोरोने चेंडू जाळ्यात घातला. एस्पान्योल वाचला, अलावेस खाली गेला. तेवीस वर्षांच्या त्या पोराचं नाव त्या क्लबच्या माणसांच्या तोंडी त्या दिवसापासून बसलं ते आजही आहे.

पुढच्या वर्षी एस्पान्योल युएफा कप या युरोपातल्या क्लबांच्या स्पर्धेच्या अंतिम फेरीत गेला. उपांत्य फेरीत समोर जर्मनीचा वेर्डर ब्रेमेन होता आणि दोन्ही सामन्यांत कोरोने गोल केला. ग्लासगोच्या हॅम्पडेन पार्कवर सेव्हियाविरुद्ध २-२ अशी बरोबरी झाली आणि पेनल्टी किकवर चषक गेला. संपूर्ण स्पर्धेत एकही सामना न हरता एस्पान्योल रिकाम्या हाताने परतला.

इथपर्यंत वाचून वाटेल की मोठा स्ट्रायकर होता. स्पेनच्या हिशोबाने नव्हता. मला नेमकं तेच आपल्यापुढे ठेवायचं आहे. मोसमाला वीस-पंचवीस गोल करणारा तो तिथे कधीच नव्हता. पुढे ओसासुना, मग स्वतःच्या जिल्ह्यातला जिरोना, एल्चे, मायोर्का, शेवटी सायप्रसमधला डोक्सा. कधी पहिली श्रेणी, कधी दुसरी. अशा वाटेने फिरत फिरत २०१७ मध्ये, चौतिसाव्या वर्षी तो गोव्यात आला. आपल्याकडे चौतिशीचा स्ट्रायकर म्हटलं की लोक निरोप समारंभाचा हार मागवतात.

पहिल्या मोसमात वीस सामन्यांत १८ गोल. दुसऱ्यात वीस सामन्यांत १६. तिसऱ्यात सतरा सामन्यांत १४. सत्तावन्न सामने, अठ्ठेचाळीस गोल. तोपर्यंत लीगमध्ये इतके गोल कुणाचेच नव्हते.

हे गोल आले कुठून? चौतिशीत पायांचा वेग वाढत नाही. प्रशिक्षक सेर्जिओ लोबेरांचा संघ चेंडू छान खेळवायचा, लांझारोते, एदू बेदिया, जाहू, ब्रँडन यांच्यासारखे पास देणारे होते, हे खरंच. पण त्या पासच्या टोकाला नेमक्या क्षणी पोचायचं कसब त्याचं होतं. बाकावर बसून, बाजूला खेळून, तामुदोसारख्याला जवळून पाहून पंधरा वर्षांत साठवलेलं कसब.

९ डिसेंबर २०१७ चा केरळा ब्लास्टर्सविरुद्धचा सामना मी मुलांना घेऊन मडगावजवळ फातोर्ड्याच्या स्टेडियममध्ये पाहिला. तेव्हा जुवारीचा नवा पूल व्हायचा होता. कुठ्ठाळीला गाड्यांची रांग लागली आणि पोरं टेम्पोच्या मागे उभी राहून मिनिटं मोजत होती. कसेबसे वेळेवर पोचलो. मध्यंतराला २-२ अशी बरोबरी होती. मध्यंतरात मी मुलांना सांगितलं, आता चेंडू बघू नका, दहा मिनिटं फक्त कोरोला बघा. स्टेडियममध्ये बसून चेंडू न बघणं तेरा वर्षांच्या मुलाला किती जड जातं ते शिकवणाऱ्यालाच ठाऊक. एकजण लगेच कुरकुरला, "सर, हा तर चालतोय नुसता."

तो खरंच चालत होता. दोन बचावपटूंच्या मधल्या फटीत, त्यांच्या पाठीकडच्या बाजूला, जिथे त्यांना मान वळवल्याशिवाय तो दिसू नये अशा ठिकाणी. बचावपटूने मान वळवून त्याला पाहिलं की तो दोन पावलं चेंडूकडे यायचा, जणू पायावर पास मागतोय. बचावपटू त्याच्यामागे दोन पावलं ओढला जायचा. तेवढ्यात मधल्या फळीतल्याने मान वर केली की कोरो उलट्या दिशेने सुटायचा. तेही सरळ रेषेत नाही. आधी आडवा, शेवटच्या बचावपटूच्या रेषेला धरून, आणि पास सुटताच आत. म्हणून ऑफसाइडचं, म्हणजे पास सुटायच्या आधीच शेवटच्या बचावपटूच्या पुढे गेल्याचं, निशाण वर जात नसे. आणि शेवटी पायाच्या आतल्या बाजूने हलका स्पर्श, किंवा गोलरक्षक पुढे आलाच तर त्याच्या डोक्यावरून अलगद उचललेला चेंडू. जोरात मारलेला फटका क्वचितच.

अठ्ठेचाळिसाव्या मिनिटाला गोल. एक्कावन्नाव्या मिनिटाला गोल. पंचावन्नाव्या मिनिटाला गोल. सात मिनिटांत तीन, आणि त्याच्या आधीच्या सामन्यात बंगळुरू एफसीविरुद्धही तीन. मैदान अक्षरशः पेटलं होतं. कुरकुर करणारा पोरगा माझ्या दंडाला धरून उड्या मारत ओरडत होता, "सर, दोन पावलं! सर, परत तीच दोन पावलं!"

दुसऱ्या दिवशी आम्ही नारळाच्या करवंट्या मांडून ती दोन पावलं घटवली. मला जेवढं दिसलं तेवढं मी शिकवलं. पण मी फार तर तालुका पातळीवर खेळलेला माणूस. ती दोन पावलं कधी टाकायची, बचावपटूच्या खांद्याकडे बघून टाकायची की पास देणाऱ्याच्या पायाकडे बघून, टाकूनही पास आला नाही तर परत कुठे जाऊन उभं राहायचं, हे मला नीट सांगता येईना. हे सांगू शकणारा माणूस तीन वर्षं माझ्यापासून दोन-अडीच तासांच्या अंतरावर राहत होता. तीन वर्षांत त्याच्या तोंडून एक वाक्य आमच्या मैदानापर्यंत पोचलं नाही. दोष त्याचा नाही. त्याला कुणी बोलावलंच नसेल, आणि आम्हालाही बोलवायचं कसं ते माहीत नव्हतं.

एप्रिल २०१९ मध्ये भुवनेश्वरला चेन्नईयिनला २-१ हरवून गोव्याने सुपर कप जिंकला, एक गोल कोरोचा, विजयी गोल आपल्या ब्रँडन फर्नांडिसचा. फेब्रुवारी २०२० मध्ये जमशेदपूरला ५-० असं लोळवून एफसी गोवाने लीगमधल्या अव्वल स्थानाची ढाल पक्की केली आणि आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटसाखळीत जाणारा तो पहिला भारतीय क्लब ठरला. ते सामने झाले एप्रिल २०२१ मध्ये, फातोर्ड्यालाच, कोविडमुळे रिकाम्या स्टेडियममध्ये. कतारच्या अल रय्यानला गोव्याने ०-० असं रोखलं तेव्हा मी टीव्हीसमोर उभा राहून टाळ्या वाजवल्या. पण त्या संघात कोरो नव्हता. तो आदल्या वर्षीच गेला होता. ज्या गोलांनी ती स्पर्धा मिळवून दिली ते गोल नोंदवहीत राहिले, आणि ते कसे करायचे याची विद्या विमानाने परत गेली.

माझं सगळं म्हणणं याच एका गोष्टीभोवती आहे. आपण परदेशी स्ट्रायकरकडून गोल घेतो. ते घ्यावेतच, क्लब जिंकण्यासाठीच असतात आणि आम्ही तिकीट काढून ते गोल बघायलाच येतो. पण त्या माणसापाशी गोलांपेक्षा मौल्यवान असं जे असतं ते आपण मागतच नाही. विहीर भाड्याने घ्यायची, तीन वर्षं पाणी प्यायचं, आणि शेजारी आपली विहीर कशी खणायची ते तिथल्या पाथरवटाला विचारायचंच नाही, असं चाललंय.

यावर उत्तर येईल की परदेशी खेळाडूंची संख्या कमी करू, मग भारतीय स्ट्रायकर आपोआप तयार होतील. २०२१-२२ पासून मैदानावर पाचऐवजी चारच परदेशी खेळू शकतात. तो निर्णय योग्यच होता. पण झालं काय? क्लबांनी दुसऱ्या जागेवरचा परदेशी कमी केला आणि गोल करणारा ठेवला. ते साहजिक आहे, गोलावर सामना ठरतो. त्यानंतरचे गोल्डन बूट पाहा: ओग्बेचे, दिएगो मॉरिसियो, दियामांताकोस, आणि २०२४-२५ मध्ये तब्बल २३ गोल करणारा मोरोक्कोचा अजाराई. नियमाने जागा रिकामी करता येते, त्या जागेवर उभं राहणारा माणूस नियमाने तयार होत नाही. मार्च २०२५ मध्ये चाळिशीतल्या सुनील छेत्रींना निवृत्तीतून परत भारतीय संघात यावं लागलं. छेत्रींबद्दल माझ्या मनात आदर आणि आदरच आहे. पण वर्गातल्या सगळ्यात हुशार मुलाला दहावीनंतरही पेपर सोडवायला परत बोलावावं लागतं, तेव्हा बाकीच्या वर्गाला शिकवलं काय, हा प्रश्न शिक्षकाला विचारलाच पाहिजे.

आणि हा गोवा आहे. ज्या भूमीने ब्रुनो कुतिन्होंसारखा स्ट्रायकर देशाला दिला, धेंपो, साळगावकर, चर्चिल ब्रदर्स यांसारख्या क्लबांनी देशाचे चषक घरी आणले, राज्यांच्या संघांची संतोष ट्रॉफी पाच वेळा ज्या संघाच्या नावावर लागली, तिथल्या पोराला मधली जागा आपली वाटू नये? मला हे सहन होत नाही.

म्हणून मागणी. पहिली आणि सगळ्यात महत्त्वाची: परदेशी स्ट्रायकरशी करार कराल तेव्हा त्यात दर पंधरवड्याला दोन तास आमच्या मुलांसाठी लिहून घ्या. क्लबच्या स्वतःच्या अकादमीतली मुलं आपली आहेतच, पण मी तालुक्यातल्या मुलांविषयी बोलतोय. पेडणे, सत्तरी, काणकोण, सांगे. प्रत्येक तालुक्यातून पंधरा आणि सतरा वर्षांखालचे दोन-तीन स्ट्रायकर निवडा, त्यांना एका ठिकाणी आणा, आणि तो माणूस त्यांच्याशी फक्त एकाच विषयावर बोलू दे: चेंडू नसताना काय करायचं. सोबत कोकणी किंवा मराठीत समजावून सांगणारा एखादा जुना खेळाडू उभा करा. असे जुने खेळाडू गोव्यात गावोगावी आहेत आणि बोलावलंत तर ते आनंदाने येतील. मी लिहून देतो.

दुसरी मागणी जरा खर्चाची आहे. कोरोसारखा माणूस सदतिसाव्या वर्षी जातो तेव्हा त्याला विचारा, एक वर्ष थांबशील का, खेळायला नव्हे, शिकवायला? सगळे हो म्हणणार नाहीत. घरदार तिकडे असतं. पण कार्लोस पेन्याचं उदाहरण आपल्या डोळ्यांसमोर आहे. गोव्यासाठी बचावात खेळलेला हा स्पॅनिश माणूस पुढे त्याच क्लबचा मुख्य प्रशिक्षक होऊन परत आला. बचावपटू परत येऊ शकतो तर स्ट्रायकरही येऊ शकेल. महासंघाने प्रशिक्षक परवान्याच्या अभ्यासक्रमात अशा माणसाकडून फक्त स्ट्रायकरवर दोन दिवस घेतले तरी माझ्यासारख्या शंभर जणांना पुरेल. आम्ही बचाव कसा रचायचा ते शिकलो आहोत, दम कसा वाढवायचा तेही शिकलो आहोत. गोल कसा करायचा हे मात्र 'त्याच्या रक्तातच असतं' असं म्हणून आम्ही सोडून देतो. कोरोच्या रक्तात असतं तर ते विशीत दिसलं नसतं का? तो ते शिकत गेला.

यातूनच तिसरी गोष्ट निघते, आणि ती निवड करणाऱ्यांना उद्देशून आहे. सतराव्या वर्षी गोल होत नाहीत म्हणून पोराला स्ट्रायकरमधून काढून विंगवर, म्हणजे बाजूला, टाकलं जातं, तिथेही चमकला नाही की घरी पाठवलं जातं. कोरोलाही विंगवर टाकलं होतं. फरक इतकाच की त्याला कुणी घरी पाठवलं नाही. त्याच्या क्लबने त्याला वर्षानुवर्षं संघात ठेवलं, आणि त्या ठेवण्याचं मोल एक्याण्णवाव्या मिनिटाला सव्याज वसूल केलं. त्याहीपुढे त्याचे सर्वोत्तम मोसम चौतिशीनंतर आले, इथे, आपल्या डोळ्यांदेखत. तेव्हा सतराव्या वर्षी फुली मारताना जरा हात आवरा. त्या मुलाचं नाव वहीत राहू द्या. दोन वर्षांनी परत बघा, चार वर्षांनी परत बघा.

माझ्या त्या विद्यार्थ्याला मी मध्ये खेळवतोय. सुरुवातीला दोन सामने गोल झाला नाही. बाहेरून पालक ओरडले, बदला त्याला म्हणून. नाही बदललं. तिसऱ्या सामन्यात त्याने ती दोन पावलं टाकली, बचावपटू ओढला गेला, पास आला आणि चेंडू पोस्टला लागून बाहेर गेला. तो माझ्याकडे बघून हसला. गोल हुकल्यावर असं हसणारं पोर मी पहिल्यांदाच पाहिलं. आपण बरोबर जागी पोचलो होतो हे त्याला कळलं होतं.

पुढचे करार होतील तेव्हा या पत्रातली पहिली मागणी तेवढी ध्यानात ठेवा. सत्र फातोर्ड्याला ठेवलंत तरी चालेल, आम्ही टेम्पो करून येऊ. आठवडाभर आधी कळवा म्हणजे झालं. पालकांची संमतीपत्रं गोळा करायची असतात, आणि शाळेतून अर्ध्या दिवसाची सुट्टीही मागावी लागते.

आपला,
पेडणे तालुक्यातला एक फुटबॉल प्रशिक्षक